दोन दृश्यांच्या मधले अकरा दिवस

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुनी यंत्रं नव्यासारखी करून दाखवणाऱ्या टीव्ही कार्यक्रमांवर लेख आला होता. लेख आवडला. मीही हे कार्यक्रम बघतो, अगदी नेमाने बघतो. ३४ वर्षं टूलरूममध्ये फिटर म्हणून काढली आणि आता हौसेपोटी जुनी इंजिनं, पंप, शिलाई यंत्रं उघडून बसतो. दिवसभर हात काळे करून रात्री पुन्हा दुसऱ्याचे काळे हात बघायचे, यात काय मजा, असं सौ. विचारतात. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

तर लेखातल्या एका वाक्यापाशी मी अडलो. ‘इथे जे दिसतं ते तसंच घडलेलं असतं,’ असं लेखकाने म्हटलं आहे. दिसतं ते घडलेलं असतं, हे मला मान्य. त्यातल्या बऱ्याच माणसांच्या हातात कसब आहे, पाना कसा धरलाय त्यावरूनच ते कळतं. पण आमच्या कामात न दिसणारंच जास्त घडतं, आणि ते सगळं कात्रीखाली जातं.

साधा गंजलेला बोल्ट घ्या. पडद्यावर तेलाचा फवारा उडतो, संगीत चढतं, माणूस पान्यावर अंग टाकतो आणि ‘कट्’ आवाज होऊन बोल्ट सुटतो. आठ-दहा सेकंदांचा मामला. गेल्या वर्षी माझ्याकडे एक जुनं डिझेल इंजिन आलं. त्याच्या हेडचा, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचा, एक स्टड (बिनडोक्याचा बोल्ट) तुटला होता, तोही ब्लॉकशी सपाट. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचा स्टड, वर पकडायला नखभरही जागा नाही. पहिल्या दिवशी भोवतालची घाण पिनेने कोरून काढली आणि पातळ तेल सोडून ठेवलं. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी मधोमध पंच धरून हलक्या टिचक्या मारल्या. टिचक्याच, घाव नव्हे. ब्लॉक बिडाचा असतो आणि बीड दाब कितीही सोसतं, पण ठोसा सोसत नाही. चौथ्या दिवशी भोवतालचं बीड गॅसवर तापवून फटीला मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आत ओढलं गेलं, तेव्हा जरा हुरूप आला. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, त्यामुळे आट्यांमध्ये पाचर ठोकल्यासारखा बसतो. ताकद लावून ती पाचर निघत नाही, उलट स्टड आणखी खोलवर तुटतो.

सहाव्या दिवशी स्टडवर नट ठेवून त्याच्या पोटात वेल्डिंग भरलं. पाना लावला, वेल्डिंग सुटलं. पुन्हा भरलं, पुन्हा सुटलं. नवव्या दिवशी चौथा नट लावला तेव्हा स्टड हलला. हलला म्हणजे किती, तर घड्याळाचा मिनिटकाटा दोन मिनिटांत सरकतो तेवढा. मग सोडायच्या दिशेने थोडा, कसायच्या दिशेने थोडा, मध्ये तेल, पुन्हा थोडा. अकराव्या दिवशी दुपारी तो बाहेर आला. आट्यांत काळी भुकटी गच्च भरलेली होती. चहा होईपर्यंत मी तो हातातच धरून बसलो होतो.

या अकरा दिवसांत स्टडला भोक पाडून त्यात ईझी-आउट (तुटका बोल्ट काढायचा उलट्या आट्यांचा पेच) घालायचा मोह मला दोनदा झाला. पडद्यावर हटकून तेच करतात आणि हटकून स्टड निघतो. पण ईझी-आउट असतो कडक पोलादाचा. तो आत तुटला की साधं ड्रिल त्याच्यावर नुसतं घसरतं. असा तुटलेला कुठल्याच कार्यक्रमात मी अजून पाहिलेला नाही. तुटत नसेल असं नाही.

आट्यांवरून आणखी एक. जुन्या ब्रिटिश यंत्रांचे आटे व्हिटवर्थचे असतात. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ते ठरवून दिले, कोन ५५ अंशांचा. अर्धा इंच व्हिटवर्थला इंचाला १२ आटे, तर अमेरिकन जाड आट्याला १३ आणि कोन ६० अंशांचा. एकाचा नट दुसऱ्यावर फेरा-दोन फेरे जातो आणि अडतो. अननुभवी माणसाला वाटतं घाण असेल, म्हणून तो जोर लावतो आणि दोन्हीकडचे आटे मारून बसतो. त्यात व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, जबड्याच्या रुंदीचा नव्हे, त्यामुळे पान्याचाही घोळ होतो. कार्यक्रमात मात्र डब्यात हात घातला की योग्य तोच बोल्ट वर येतो. माझ्या डब्यातून असा आजवर एकदाही आला नाही.

मोजमापाबद्दल काय सांगू? सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वर, जिथे पिस्टनची पहिली रिंग माघारी वळते, तिथे सर्वात जास्त झिजतो. म्हणून वर, मध्ये आणि खाली, तेही दोन दिशांना, असं सहा ठिकाणी मोजावं लागतं आणि हे सगळं थाऊमध्ये. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, केसापेक्षाही बारीक. या मापांवरच ठरतं की रिंगा बदलून भागेल की बोअर करून मोठा पिस्टन घालावा लागेल. मोजणाऱ्या माणसाकडे बघण्यात काही गंमत नाही हे मीही कबूल करतो. पण ‘आम्ही सहा ठिकाणी मोजलं’ एवढं एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो?

बॅबिटचं बेअरिंगही तसंच. कथिल, अँटिमनी आणि तांबं यांचा हा मऊ मिश्रधातू, १८३९ पासूनचा. पडद्यावर तो चकाकत ओतला जाताना दाखवतात, दृश्य सुंदर असतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. शाफ्टला खुणेचा निळा रंग लावायचा, बेअरिंगवर ठेवून फिरवायचा, उचलायचा, जिथे निळा डाग उमटला तेवढंच स्क्रेपरने खरवडायचं, पुसायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. एका बेअरिंगला मी चाळीस-पन्नास वेळा शाफ्ट उचलला आहे. शेवटी डाग सगळीकडे सारखे पसरतात, पाठ मात्र सरळ व्हायला रात्र लागते.

आणि शेवटचा तो क्षण! सगळे गोल करून उभे, मालकाच्या डोळ्यांत पाणी, हँडल मारलं की इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू. दहा सेकंद चालतं, टाळ्या होतात, नावं झळकतात. दहा सेकंद चाललेलं इंजिन चालू झालं असं आम्ही कधी म्हटलं नाही. ते तापायला हवं, थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा कसायला हवेत आणि मग तास-दोन तास चालवून कुठे गळतंय का ते बघायला हवं. एका भागात तर पाण्यावर थंड होणारं इंजिन धडधडत होतं आणि पाण्याचा पाइप लावलेलाच नव्हता. मी सौ.ना हाक मारून दाखवलं. त्यांनी पाहिलं, ‘बरं’ म्हणाल्या आणि गेल्या.

हे माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं नुसतं कुरकुरणं वाटू नये म्हणून एक जाहीर गोष्ट सांगतो. जुन्या मोटारी घेऊन दुरुस्त करून विकण्याचा ‘व्हीलर डीलर्स’ हा कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला. त्यातले मेकॅनिक एड चायना २०१७ मध्ये बाहेर पडले. वर्कशॉपमधल्या दुरुस्तीचं तपशीलवार चित्रण वाहिनीला जड जातं आणि तिला ते कमी करायचं आहे, असं त्यांनी जाताना उघडपणे सांगितलं. म्हणजे दुरुस्तीच्या कार्यक्रमात दुरुस्तीच नको झाली! त्याच कार्यक्रमात शेवटी जो नफा दाखवतात त्यात गाडीची किंमत आणि सुटे भाग धरतात, मेकॅनिकचे तास धरत नाहीत. तास धरले तर नफा कितीसा उरेल, हे गॅरेज चालवणाऱ्या कोणालाही विचारा.

पण वेळेच्या या लपवाछपवीपेक्षा मला जास्त सलते ती चकाकी. यंत्र आलं की घासून पांढरं करायचं आणि वर आरशासारखा रंग चढवायचा. कारखान्यातून निघालं तेव्हाही ते एवढं चमकत नव्हतं. मूळ रंग, हात लागून गुळगुळीत झालेली मूठ, जुन्या कारागिराने छिन्नीने केलेली खूण, सगळं जातं. एकदा गेलं की कुठलाच फिटर ते परत आणू शकत नाही.

माझ्या पुतण्याने असाच एक कार्यक्रम पाहून त्याच्या आजीचं शिलाई यंत्र साफ करायला घेतलं. काळं यंत्र, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, नव्वदेक वर्षांचं तरी असेल. पडद्यावरच्या माणसाने कापसावर स्पिरिट घेऊन यंत्र पुसलं होतं, म्हणून यानेही पुसलं. जुन्या यंत्रांवर त्या सोनेरी नक्षीच्या वर लाखेचं पारदर्शक अस्तर असतं आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते. तो पुसत गेला, कापूस पिवळा होत गेला आणि मळ निघतोय म्हणून हा खूश. मग कापसावर सोनेरी कण दिसायला लागले. ‘काका, जरा येता का?’ असा फोन आला तोवर उजवीकडची अर्धी वेल गेली होती. उरलेला भाग मी शिलाई यंत्राच्या तेलात कापूस बुडवून, बोटभर जागा घेत घेत, तीन दिवसांत साफ केला. डावीकडची वेल अजून झळकते. उजवीकडे नुसता काळा, मेलेला रंग दिसतो.

जिवाच्या काळजीचंही तेच. जुन्या गॅस्केटमध्ये आणि ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, जुन्या रंगात शिसं. तोंडाला काही न बांधता त्यावर ग्राइंडर चालवणारा हसरा माणूस बघितला की माझाच श्वास अडकतो. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीज सोडून गंज काढतात, ती पद्धत चांगली आहे, मीही वापरतो. पण तिथे धन टोकाला साधं लोखंडच लावावं. स्टेनलेस लावलं तर पाण्यात क्रोमियमचं विषारी संयुग उतरतं. एका कार्यक्रमात स्टेनलेसचाच पत्रा लावलेला मी पाहिला आणि कोणी अवाक्षर काढलं नाही.

मोबाइलवरच्या छोट्या चित्रफितींचा विषय वेगळा. मीठ आणि व्हिनेगर लावून एका रात्रीत गंज चढवलेली वस्तू ‘शंभर वर्षं जुनी’ म्हणून दाखवतात. तो गंज नारिंगी आणि भुकटीसारखा असतो. खरा जुना गंज काळपट, पापुद्र्यांचा, आणि खाली खड्डे पडलेले. ती टीव्हीवाल्यांची चूक नाही, म्हणून सोडून देतो.

सगळेच कार्यक्रम सारखे नाहीत हेही सांगायला हवं. बीबीसीच्या ‘द रिपेअर शॉप’मध्ये वस्तू कितपत नवी करायची, हे अनेकदा मालकाशी बोलून ठरवतात. त्यात घड्याळाच्या चाकाचा एखादा दात बसवताना कॅमेरा जरा वेळ थांबतो. तेव्हा मी टीव्हीचा आवाज बंद करून नुसते हात बघतो.

माझी आपल्या लेखकाला एकच विनंती आहे. पुढच्या लेखासाठी एखाद्या निर्मात्याशी बोलणं झालं, तर बोल्टवर तेल मारतानाचं दृश्य आणि बोल्ट सुटतानाचं दृश्य यांच्यामध्ये किती दिवस गेले, तेवढं विचारा. आणि तो आकडा छापा.

आपला नम्र,
एक निवृत्त फिटर

ता. क. – हे पत्र पुतण्यानेच टाइप करून दिलं आहे. स्पिरिटचा परिच्छेद गाळला तर चालेल का, असं तो दोनदा विचारून गेला. नाही चालणार म्हटलं.