चि. सोहम यास

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आई, हे सगळं नेमकं कशासाठी करायचं?" मी काही बोलणार तोवर तुला ऑफिसचा फोन आला. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. उलटे प्रश्न विचारायचे नाहीत असं मी ठरवलंय. रात्री झोप लागते का, एवढंच सांग.

काल सुनंदामावशीकडे 'कासव' सिनेमा पुन्हा पाहिला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा, 2016 चा, सुवर्णकमळ मिळालेला. मागे पाहिला तेव्हा मी नुसता समुद्र बघत बसले होते. काल त्या मुलावरून नजर हलली नाही. जगायचं नाही असं ठरवून बसलेलं, आजारी पोर. जानकी त्याला घरी आणते. काय झालं, का झालं, म्हणून खोदून विचारत नाही. खाऊपिऊ घालते, राहू देते, तो तुटक वागला तरी. मला ते फार अवघड वाटलं. ती त्याची आई नव्हती, म्हणून तिला जमलं असेल.

तू पाचवीत असताना आजोबा आपल्याला वेळासला घेऊन गेले होते, आठवतं? मंडणगडपासूनच्या वळणांनी तू अगदी मलूल झाला होतास. पण पहाटे किनाऱ्यावर सगळ्यांच्या पुढे तूच. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी वाळूत शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पन्नासेक दिवसांनी पिल्लं आपली आपण वर येतात. कासवं जपणाऱ्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची मंडळी सांगत होती की पिल्लाला उचलून पाण्यात सोडायचं नाही, वाळूवरून त्याचं त्याला चालू द्यायचं. त्यातलं एक पिल्लू मागे राहिलं, तर तू दोरीला धरून हमसून हमसून रडायला लागलास. "याची आई कुठेय?" इतक्या मोठ्यानं ओरडलास की सगळे वळून बघायला लागले. मी तुला उचलून घेतलं, पाचवीतल्या घोड्याला. आजोबा म्हणाले, राहू दे, रडू दे त्याला.

झोपेचं खरंच कळव.

आनंद म्हणजे काय, हे मला विचारशील तर मला 2021 आठवतं. 22 जुलैला पुरात वाशिष्ठी नदी घरात शिरली. पाणी ओसरल्यावर तू मिळेल त्या गाडीनं आलास आणि चिखल उपसायला लागलास. आपलं घर, मग काकूंचं, मग मागच्या चाळीतलं, ज्यांच्याशी आपलं बोलणंही नव्हतं. एका संध्याकाळी पडवीत बसून कुणीतरी वाटलेली खिचडी खाताना तू म्हणालास, "आई, पाठ गेली, पण बरं वाटतंय गं." तुझा तो चेहरा मी अजून विसरले नाही. बाबा तर अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आमच्या सोहमनं काय केलं ते. तुझं पॅकेज किती, हे त्यांना धड सांगता येत नाही.

म्हणून म्हणते, कामातून जरा बाहेर पड. सकाळी चालायला जा, रात्री तो फोन दुसऱ्या खोलीत ठेव, मुकुंदाला भेट, जेवण बाहेरून मागवू नकोस... बघ, सुरू झालं माझं. राग मानू नकोस.

आणि मला हेही कळतं की चालून आणि डबा खाऊन सगळं सुटत नाही. सिनेमातली जानकी स्वतः त्यातून गेलेली आहे, उपचार घेतलेली आहे. त्यात काम करणारे मोहन आगाशे खरोखरचे मानसोपचारतज्ज्ञ. हे मी मुद्दाम लिहितेय. बाबा साखरेची गोळी घेतात, तेव्हा आपण त्यांना मन खंबीर करा म्हणतो का? तुला कधी फार अंधारून आलं, मध्यरात्री असो की ऑफिसात असो, तर मला फोन कर. मला सांगणं जड वाटलं तर 14416 लाव, मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, मराठीत बोलतात. आणि डॉक्टरकडे जायचं असेल तर आपण दोघं जाऊ. घरात कुणी अवाक्षर काढणार नाही, ते माझ्याकडे लागलं.

तुला तसं काही नसेलही. नुसता कंटाळा असेल, सगळ्यांना येतो. पण मला ते नुसतं दिवाळीला तुझं ताट बघून कसं कळणार? पुरणपोळी तशीच ठेवून उठलास.

नोकरी सोडायची असेल तर सोड. फ्लॅटच्या हप्त्यांचं बाबा आणि मी बघू, आमचं बोलणं झालंय. तू घरी आलास तर वाडीत लोक काय म्हणतील, याची काळजी आम्हाला नाही. तू आहेस, यापलीकडे आम्हाला तुझ्याकडून काही नको. हे फोनवर बोलता येईना, म्हणून लिहिलं.

मी येत्या गुरुवारी मांडवी एक्स्प्रेसनं ठाण्याला येतेय. नको म्हणालास तरी येणार आहे. स्टेशनवर येऊ नकोस, रिक्षा करीन. चार दिवस राहीन, स्वयंपाक करीन, तुझी बडबड ऐकायला मिळाली तर ऐकीन, नाहीतर दोघं गप्प बसू. सोलकढीला आगळ आणि तुझ्या आवडीचे फणसाचे तळलेले गरे आणतेय, अजून काही हवं असेल तर बुधवारपर्यंत कळव.

तुझी,
आई