मांडी घाल, मग कॅमेरा उचल

नाशिक
डिसेंबरातला दुसरा रविवार

प्रिय संज्या,

कॅमेरा घेतलास हे कळलं. किमतीवरून वहिनींनी काय सुनावलं तेही कळलं. आणि तू लगेच विचारतोस, पक्ष्यांच्या फोटोंसाठी सहाशे मिलिमीटरची लेन्स कुठली घेऊ? लेका, आधी आहे ती तीनशेची झिजव.

आज पहाटे नांदूरमध्यमेश्वरला होतो. निफाडची थंडी तू विसरला नसशीलच, बोट शटरवर आहे की नाही तेच कळत नव्हतं. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळचा हा बंधारा गाळानं भरत गेला, पाणी उथळ झालं आणि पाखरांचं फावलं. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० साली जाहीर झालं ते हेच.

चापडगावच्या मनोऱ्यावर सगळे चढतात. बघायला तूही चढ, पण फोटोला खाली ये. वरून पक्षी पाण्यावर चिकटवल्यासारखा दिसतो. काठावर मांडी घाल, जमलं तर पालथा पड (पोट आड येईल, माझंही येतं), सूर्य पाठीशी ठेव आणि फोकस पक्ष्याच्या डोळ्यावर.

पहिल्या वर्षी मी उडती बदकं १/२५० सेकंदाच्या शटरवर काढली. सगळी पुसट! उडत्या पक्ष्याला १/२००० च्या आसपास जा. आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) वाढून दाणे आले तर येऊ देत, ते नंतर कमी करता येतात. हललेल्या फोटोला इलाज नाही. बगळ्याची गंमत वेगळी. मागचं गडद पाणी पाहून कॅमेरा उजेड वाढवतो आणि बगळ्याच्या जागी चुन्याचा गोळा उरतो. तिथे एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्यानं ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे करायचं, अर्ध्या स्टॉपपासून एकपर्यंत.

त्या पहिल्या वर्षी मी पक्ष्यांच्या मागे धावायचोही. एकदा असाच पुढे सरकलो आणि अख्खा थवा उठला. घरी येऊन पाहतो तर कार्डभर नुसत्या पाठी. आज पाऊण तास एकाच जागी बसलो. जांभळी पाणकोंबडी आपणहून लव्हाळ्यातून बाहेर आली, एक कोंब उपटला, पायाच्या मुठीत धरला आणि ऊस सोलावा तसा सोलून खाल्ला. तीनशेची लेन्स पुरून उरली!

जानेवारीत शनिवारीच मुक्कामाला ये. पहाटे साडेपाचला नाशिकच्या द्वारका चौकातून निघू, येताना मिसळ माझ्याकडून. आणि तुझी ती लालभडक कानटोपी घरी ठेव, मातकट रंगाची माझ्याकडे आहे.

तुझा,
मिलिंद