सुऱ्या, अण्णांचं सांगायचंय

सुऱ्या,

फोन केला असता, पण अण्णा शेजारीच बसलेले असतात आणि कान अजून तिखट आहेत त्यांचे. मी बरा, गुडघा आहे तसाच.

अण्णांच्या डाव्या डोळ्याचं निघालंय. मोतीबिंदू नाही बे, पडद्याच्या मधल्या भागाची झीज, मॅक्युला म्हणतात त्याला. डॉक्टरांनी चौकटीचा कागद धरला तर अण्णा म्हणतात, "कुणी आखलाय हा? रेघा वाकड्यात." जन्मभर चादरीची डिझाईनं ग्राफवर घर न् घर रंगवून काढलेला माणूस! मला हसू आलं आणि तिथंच जिरलं.

आता घरात रोज गाजर, कारण कुणीतरी डोक्यात घातलंय की नजर परत येते. अरे, गाजरातलं अ जीवनसत्त्व रातांधळेपणाला कामाचं, पडद्याला लागतं ल्युटिन, ते पालक-मेथीत, अंड्याच्या बलकात, आणि तेलाबरोबर खाल्लं तरच नीट अंगी लागतं. भाजी वाढली की, "मी काय शेळी आहे का?" शेंगाचटणी-भाकरी मात्र चालते.

जीवनसत्त्वं-जस्ताच्या गोळ्यापण चालू केल्यात. झीज मधल्या टप्प्यात असली तर पाच वर्षांत ती बळावायची जोखीम साधारण २५ टक्क्यांनी कमी होते, असं अमेरिकेतल्या २००१च्या अभ्यासात दिसलंय. दुकानदारानं आधी बीटा कॅरोटीनवाली (अंगात ज्याचं अ जीवनसत्त्व होतं ते) दिली, ती विडी ओढणाऱ्याला नको, फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून तर २०१३ साली त्याजागी ल्युटिन घातलं. परत करायला गेलो तर माझ्याशीच भांडला. तू असतास तर बाळीवेशीतल्यासारखा तमाशा केला असतास, आणि मिटवायला परत मीच!

पण गेलेली नजर ना भाजीनं येते ना गोळीनं, आहे ती टिकली तर टिकली. हे त्यांना कोण सांगणार? परवा विचारलं, "अजून किती दिवस खायचं रे, म्हणजे सरळ दिसेल?" मी नुसतं खावा की म्हटलं. उजव्याची धास्ती आहे, रोज एकेक डोळा झाकून खिडकीचे गज बघायला लावतो, वाकडे दिसले की त्याच दिवशी दवाखाना. आणि विडी, जी सगळ्यात आधी सुटायला पाहिजे, ती गच्चीवर चालूच.

तुझं ऐकतात ते. मागावरच्या जकार्डच्या, म्हणजे डिझाईनच्या भोकं पाडलेल्या कार्डांचे पत्ते करून खेळलास तरी मार मलाच पडला होता, विसरलो नाहीये.

पोरीची दहावी कशी चाललीय, वहिनींची बदली झाली का, कळव. गड्ड्याच्या जत्रेला ये, आणि विडीचं तूच काढ, मी मागं उभा राहतो.

तुझा,
बाळ्या