शुभे, त्या चिलखताचं पुन्हा निघालंय

पुणे, रविवार दुपार

प्रिय शुभे,

फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मधेच "अगं, धंदा आहे तो" म्हणाली असतीस आणि मी फोन आपटला असता, म्हणून लिहिते आहे. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, छान दिसतंय तिला. माझी पाठ आहे तशीच. मंदार भेटला होता, त्याचं शेवटी सांगते.

परवा जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगावं कळेना. नवऱ्याला सांगितलं, त्याने शांतपणे ऐकलं आणि "मग काढून दे ना त्यांना हवं तसं" म्हणाला. त्याला दोष देत नाही मी. पण तलवारबाजी खेळताना प्लास्टिकचं कवच घालून छातीवर तलवारीचं टोक झेललेली माझ्या ओळखीत तू एकटीच आहेस.

सध्या आमच्याकडे एका परदेशी व्हिडिओ गेमची पात्रं काढायचं काम आहे. नेहमीचीच दुनिया, किल्ले, राक्षस, जादू. त्यातली एक सरदारीण माझ्याकडे आली. पन्नाशीची बाई, किल्ला सांभाळते, नाकाचं हाड कधीतरी मोडून वाकडं बसलंय. शुभे, इतकी आवडली मला ती! कित्येक वर्षांत कुठल्या पात्रासाठी इतकी जागले नव्हते. पंधराव्या शतकातल्या पत्र्याच्या चिलखतांचे फोटो काढून बसले. खांद्याचे पत्रे एकावर एक कसे सरकतात, पट्टे कुठे बांधतात, सगळं नीट बघून काढलं. पितळी काठ दिला. आणि छातीच्या पत्र्यावर डावीकडे एक पोचा ठेवला. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकात कारागीर पत्रा पक्का आहे हे दाखवायला स्वतःच त्यावर गोळी झाडत आणि पडलेला पोचा गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून तसाच ठेवत. मला वाटलं, या बाईला तो पोचा दागिन्यासारखा मिरवावासा वाटेल.

शुक्रवारच्या कॉलला तिकडच्या आर्ट डिरेक्टरने माझं त्या पात्राच्या चित्राचं शीट उघडलं, लाल पेन घेतलं आणि छातीच्या पत्र्यावर दोन गोल काढले. मग कमरेला दोन्हीकडून आत येणाऱ्या रेघा. मग पोटावरचा पत्रा सरळ खोडून टाकला. पोचाही गेला. बोलला एवढंच, की दुरून बाई वाटली पाहिजे. आमचा लीड लगेच "शुअर, शुअर". केतकी माझ्या शेजारी बसली होती. नवीन आहे, पहिलीच नोकरी. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग खाली स्वतःच्या टॅबकडे बघितलं. तीही एक तिरंदाज मुलगी काढत होती. संध्याकाळी बघते तर तिने न सांगताच त्या मुलीच्या अंगरख्याचा गळा खाली आणला होता.

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

"दुरून बाई वाटली पाहिजे" याला तर उत्तर कधीच मिळून गेलंय. २०१५ साली स्टार वॉर्सच्या नव्या चित्रपटातली कॅप्टन फाझ्मा आली. नखशिखान्त चकचकीत चिलखत, आत ग्वेंडोलिन क्रिस्टी ही नटी. कुणीतरी फेसबुकवर लिहिलं की हे बाईचं चिलखत वाटतच नाही. त्यांच्या अधिकृत पानावरून उत्तर आलं की हे चिलखत आहे, बाईच्या अंगावर आहे, ते बायकी दिसायची गरज नाही. तू तेव्हा मला स्क्रीनशॉट पाठवला होतास, खाली नुसत्या टाळ्या. आणि तुझ्या माहेरचंच घे. १५९५-९६ च्या वेढ्यात नगरच्या किल्ल्याला खिंडार पडलं तेव्हा चाँदबीबी तिथे उतरली. त्या काळचा इतिहासकार फरिश्ता लिहितो, अंगात चिलखत, तोंडावर पडदा, हातात नंगी तलवार. समोरच्या मोगलांना ती कोण आहे हे सांगायला पत्र्याला आकार द्यावा लागला नव्हता.

आता आपलं जुनं भांडण. २०१३ च्या सुमाराला सगळीकडे एक मुद्दा फिरत होता की असं छातीच्या आकाराचं चिलखत घालणारीला मारेल, कारण दोन उंचवट्यांच्या मधली खाच घाव थेट बरगड्यांमधल्या हाडावर नेते. मी तो लेख घेऊन नाचत तुझ्याकडे आले होते. तू बर्वे सरांच्या कट्ट्यावर बसून वडापाव खात होतीस, आणि म्हणालीस, "इतकं सोपं नसतं गं." केवढी चिडले होते मी! तुझ्या त्या चेस्ट गार्डवर, वरणाच्या दोन वाट्या उपड्या ठेवल्यासारखं दिसायचं ते, फॉइलचं, म्हणजे त्या खेळातल्या बारीक तलवारीचं, टोक लागायचं आणि घसरून जायचं. समोरच्या मुली वैतागायच्या की टोक दाबलंच जात नाही, दिवा लागत नाही, गुण मिळत नाही. पुढे आंतरराष्ट्रीय तलवारबाजी महासंघाने फॉइलमध्ये त्या प्लास्टिकवर बाहेरून ४ मिलिमीटरचा मऊ फोम सक्तीचा केला तो त्यासाठीच. म्हणजे गोल पृष्ठभाग टोक घसरवतो हे खरं. पण कुठे घसरवतो? बाहेर गेलं तर तू वाचलीस, आत गेलं तर खाचेत येऊन थांबलं. हे तूच मला रिकाम्या चेस्ट गार्डवर पेन्सिल टेकवून दाखवलं होतंस. आणि त्या खऱ्या कारागिरांनी नेमकं उलटं केलं होतं. पत्र्याच्या मधोमध उभी धार काढत, म्हणजे भाल्याचं टोक मधोमध बसलं तरी डावी-उजवीकडे निसटून जाईल.

त्याहून महत्त्वाचं मला आता ही शीट्स करताना कळलं. छातीचा पत्रा अंगाला चिकटून बसतच नाही. तो मधे फुगीर असतो, आत हवेची फट असते, त्याखाली जाड शिवलेला अंगरखा. कमरेशी तो आत येतो, कारण पंधरा ते पंचवीस किलोंचा संच सगळा खांद्यांवर टांगता येत नाही, थोडा भार कमरेने घ्यावा लागतो. म्हणजे बाईची छाती मावायला जागा त्यात मुळातच आहे! वेगळ्या वाट्या ठोकायचं कारणच नाही. जोन ऑफ आर्कला १४२९ मध्ये फ्रान्समधल्या तूर गावच्या कारागिराने चिलखत करून दिलं, १०० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच नाणं) मोजून दिल्याची नोंद आहे. ते आज उरलेलं नाही. म्हणजे तिच्या अंगावर पुढे चितारलेली चिलखतं चित्रकारांच्या मनातली. अँग्र या फ्रेंच चित्रकाराने १८५४ मध्ये तिला चितारलं तेव्हा चिलखताखाली चक्क स्कर्ट दिला.

हे सगळं मी लीडला सांगितलं. तो वाईट माणूस नाही, ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "पुरुषांचं तरी कुठे खरं असायचं?" आणि इथे तो बरोबर आहे, शुभे. ग्रीक-रोमन सरदारांच्या कांस्याच्या कवचांवर छातीचे स्नायू, स्तनाग्रं, बेंबी, सगळं घडवलेलं असे. आठव्या हेन्रीचं १५४० चं चिलखत लंडनच्या टॉवरमध्ये आहे, त्याच्या जांघेवरचा तो भलामोठा पत्र्याचा फुगा बघून माणसं अजून हसतात. मग बाईच्या पत्र्यावर आकार काढला तर काय बिघडलं?

यावर मी दोन रात्री विचार केला आणि माझ्यापुरतं मला उत्तर सापडलं. तो फुगा हेन्रीला हवा होता. मिजास त्याची होती, पैसे त्याने मोजले, आणि तो घालून तोच लोकांपुढे उभा राहिला. माझ्या सरदारणीचे दोन गोल तिला नको आहेत. ती ते कधीच मागणार नाही. ते पलीकडे कंट्रोलर हातात घेऊन बसलेल्याला हवे आहेत, किंवा त्याला हवे असतील असं तिकडच्या आर्ट डिरेक्टरला वाटतंय. तिने जर स्वतःहून म्हटलं असतं की मला असाच पत्रा पाहिजे, तर मी जीव ओतून काढला असता. कॉमिकमधली ती तलवारवाली रेड सोन्या आठव. १९७३ मध्ये पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या अंगात कड्यांचा शर्ट होता. मग एस्तेबान मारोतो या स्पॅनिश चित्रकाराने कुणी न सांगता तिचं एक चित्र काढून पाठवलं, कड्यांच्या बिकिनीत, आणि तेच कायमचं झालं. तिच्या कथेत तिला काय वाटतं याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. चाळीस वर्षांनी, २०१३ मध्ये, अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेच्या मुखपत्रावर तशीच बिकिनीतली सोन्या छापून आली. आतल्या लेखांवरून आणि त्या मुखपृष्ठावरून सभासद लेखिका एवढ्या भडकल्या की संपादकांना जावं लागलं. तेव्हा तू म्हणाली होतीस, "एका चित्रावरून एवढं?" मला आजही वाटतं, एवढंच करायला हवं होतं.

कारण हे कागदावर राहत नाही ना. मार्च २०१९ मध्ये अवकाश स्थानकाबाहेर दोन बायका एकत्र जाणार होत्या आणि बेत बदलला, कारण दोघींनाही अंतराळपोशाखाचं मधल्या मापाचं धड लागत होतं आणि तयार एकच होतं. ॲन मक्लेनची जागा एका पुरुषाने घेतली. क्रिस्टिना कोच आणि जेसिका मीर ऑक्टोबरात गेल्या. अमेरिकी लष्कराने २०१२ च्या सुमाराला बायकांच्या मापाची कवचं तपासायला घेतली, तेव्हा तक्रारी काय होत्या? खांदे रुंद, बंदूक खांद्याला टेकत नाही. धड लांब, बसलं की पत्रा मांडीत रुततो. खांदा, लांबी, कंबर. ज्यांना घालायचं त्यांना विचारलं की याच गोष्टी निघतात. तुझं जॅकेट आठव, क्रीडासंकुलातलं, मुलांच्या मापाचं, बाह्या दुमडून सेफ्टी पिना लावलेलं. तू राज्य स्पर्धेत त्याच जॅकेटमध्ये खेळलीस.

तर सोमवारी मला सुधारलेलं शीट द्यायचं आहे. मी काय ठरवलंय सांगते. गोल काढणार नाही. त्याऐवजी एक उभा छेद काढून देणार, आत शरीर, अंगरखा, फट, पत्रा. खांदे थोडे अरुंद करणार, काखेशी जास्त मोकळं करणार. ती बाई चालण्यावरून, उभं राहण्यावरून, त्या वाकड्या नाकावरून ओळखू येईल, तेवढं मला काढता येतं. पोचा परत ठेवणार. नाहीच ऐकलं तर दुसऱ्या कुणाला द्या आणि श्रेयनामावलीतून माझं नाव काढा असं लेखी कळवणार. नवरा म्हणतो पगारवाढीच्या तोंडावर हे नको. घराचे हप्ते आहेत, त्याचं म्हणणं समजतं मला. भीती वाटतेच. पण केतकी शेजारी बसते गं. मी गोल काढले तर ती पुढची वीस वर्षं काढत राहील.

तुझं काय? नाशिकची बदली झाली का नक्की? ओमचा दहावीचा अभ्यास सुरू झाला असेल, त्याच्या मागे फार लागू नकोस, तुझे दहावीचे मार्क मला माहीत आहेत. गुडघ्याला आता तरी दाखव. काकूंना नमस्कार.

आता काम. तुझं चेस्ट गार्ड अजून माळ्यावर असेल तर काढ. त्याचे समोरून आणि बाजूने फोटो हवेत, त्यावरचे ओरखडे स्पष्ट दिसतील असे, खिडकीच्या उजेडात. मला ते शीटच्या कोपऱ्यात लावायचेत. आणि एक ओळ लिहून दे, हात वर उचलताना तुला ते कुठे टोचायचं. माझा अंदाज काखेच्या पुढे, पण तू सांगशील ते खरं. तुला माझं पटत नसेल तरी फोटो आधी पाठव, भांडू नंतर.

तुझी,
अनघा

ता. क. मंदार लग्न करतोय. हो, तिच्याशीच. तुला स्वतः फोन करणार आहे, माहीत नसल्यासारखं कर.