भिंतीवरचा फार्मासिस्ट

संपादक महोदय,

औषध दुकानांच्या तपासणीची कालची बातमी वाचली. फार्मासिस्ट जागेवर नाही म्हणून परवाने निलंबित झाले, ते योग्यच झाले. पण खाली छापलेली विक्रेत्यांच्या प्रतिनिधींची प्रतिक्रिया वाचल्यापासून डोके शांत नाही. फार्मासिस्ट तासभर बाहेर गेला तर दुकानाला कुलूप लावायचे का, काउंटरवर अनुभवी माणसे असतात, असे त्यांचे म्हणणे. त्यांना आमच्या घरी काय झाले ते सांगते.

माझ्या आईला संधिवात आहे. सोलापूरच्या डॉक्टरांनी तिला मेथोट्रेक्झेट दिले. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, आणि बाकीच्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड. दोन्ही गोळ्या बारीक, पिवळ्या. चिठ्ठीवर सगळे नीट लिहिले होते. आमच्या जवळच्या दुकानातल्या मुलाने गोळ्या कागदी पाकिटांत घातल्या आणि वर बॉलपेनने सूचना लिहिल्या. त्या नेमक्या उलट. मेथोट्रेक्झेटवर 'रोज रात्री १' आणि फॉलिक अ‍ॅसिडवर 'फक्त रविवारी'. आईला इंग्रजी वाचता येत नाही, ती पाकिटावरचे मराठी वाचून गोळ्या घेते. आधी तिचे तोंड आले, मग पाणीसुद्धा गिळवेना, मग ताप. डॉक्टरांनी फोनवर पाकिटांचे फोटो मागवले आणि तसेच निघा म्हणाले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या. रुग्णालयात राहावे लागले, इंजेक्शने झाली, आई वाचली. सगळ्यांच्या आया वाचत नाहीत.

नंतर मी त्या दुकानात गेले. भिंतीवर परवाना आणि त्याच्या शेजारी एका तरुण मुलीचे फार्मासिस्ट म्हणून नोंदणीचे प्रमाणपत्र, दोन्ही काचेच्या चौकटीत. या मॅडम कुठे आहेत, असे विचारले तर "येतात अधूनमधून" हे उत्तर. बिलावर फार्मासिस्टच्या सहीच्या जागी रबरी शिक्का होता. मालक मला म्हणाले, "ताई, पोरगा दहावीपासून इथंच आहे, सगळ्या गोळ्या तोंडपाठ आहेत त्याला." त्या पोरावर माझा राग नाही. चार पैशांसाठी त्याला त्या जागी उभे करणाऱ्यांवर आहे.

कायद्यात यासाठी पळवाट नाही. १९४५च्या औषध नियमांतला ६५वा नियम म्हणतो की चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे, किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली द्यायचे. औषध कसे घ्यायचे हे रुग्णाला समजावून सांगणे हेही फार्मासिस्टचेच काम आहे, २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत ते स्पष्ट लिहिले आहे. त्या दिवशी दोन वाक्ये कुणी समजावून सांगितली असती तर आईवर ही वेळ आली नसती. महेश झगडे आयुक्त असताना अन्न व औषध प्रशासनाने हाच नियम काटेकोरपणे लावायला घेतला, तेव्हाही विक्रेते असेच खवळले होते.

'फार्मासिस्ट मिळत नाहीत' हे तर ऐकवतच नाही. तालुक्यातालुक्यात डी. फार्म.ची, म्हणजे फार्मसीच्या पदविकेची कॉलेजे आहेत. पोरे पास होतात, पण आठ-दहा तास उभे राहण्याच्या कामाला धड पगार द्यायला कुणी तयार नसते. त्यापेक्षा महिन्याला थोडी रक्कम देऊन प्रमाणपत्र भाड्याने घेतलेले स्वस्त पडते. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. औषध निरीक्षकांना ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. औषध नियमनाचा आढावा घेणाऱ्या केंद्राच्या माशेलकर समितीने २००३ साली दर २०० विक्री दुकानांमागे एक निरीक्षक नेमा असे सुचवले होते. आपल्या जिल्ह्यात एका निरीक्षकामागे किती दुकाने आहेत, हे प्रशासनाने जाहीर करावे. निलंबनावर राज्य सरकारकडे अपील करता येते. कालच्या यादीतल्या किती दुकानांना तिथून स्थगिती मिळते, त्याची बातमीही आपण तितक्याच ठळकपणे द्यावी.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. ही बातमी ज्या पानावर होती, त्याच पानावर घरपोच औषधांच्या अ‍ॅपची भली मोठी जाहिरात होती, भरघोस सवलतीची. ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा केंद्राने ऑगस्ट २०१८मध्ये काढला, तो आजही मसुदाच आहे. दुकानात निदान भिंतीकडे बोट दाखवून विचारता तरी येते. अ‍ॅपवर चिठ्ठी कोण तपासते, पाकिटावर कोण लिहिते, हे जाहिरात घेण्यापूर्वी आपण त्या कंपनीला विचारले होते का? विचारले असेल, तर त्यांचे उत्तर कृपया छापावे.

– एक वाचक, बार्शी
(नाव छापू नये, ही विनंती.)