विमा काढलाय, आता काही लपवू नका

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

बाबा, तुम्ही दोघं अमेरिकेत माझ्याकडे राहणार, त्या दिवसांच्या आजारपणाच्या विम्याचे पैसे मी काल भरून टाकले. "थोड्या दिवसांसाठी एवढे कशाला घालवतेस?" असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी गप्प बसले, कारण माझं ठरलेलंच होतं. स्वस्तातला विमाही मिळत होता, पण त्यात खोलीचे इतके, ऑपरेशनचे इतके असं बांधून दिलेलं असतं, वरचं सगळं आपल्या अंगावर. इथे नुसती अँब्युलन्स बोलावली तरी तिचं बिल वेगळं येतं. तुमचा स्टेंट आणि आईची साखर माहीत असताना तो स्वस्तातला घेऊन मला झोप लागली नसती. पैसे मी आधीच बाजूला काढले होते, त्याचा विचार करू नका.

त्यातलं एक कलम मात्र नीट ऐका. जुन्या आजाराची नेहमीची तपासणी, औषधं यात बसत नाहीत. तोच आजार अचानक उसळला तर खर्च मिळतो, तोही २४ तासांच्या आत उपचार घेतले तरच. म्हणून छातीत जड वाटलं, घाम फुटला, तर "गॅस झाला असेल" म्हणत सकाळपर्यंत थांबायचं नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी माझं दार वाजवा. आत्याकडच्या गणपतीत आरती संपेपर्यंत उभे राहिलात, तसं इथे नको. रागावून नाही लिहीत हो बाबा, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

लहानपणी मला ताप चढला की आई रात्रभर पट्ट्या ठेवायची आणि तुम्ही सायकल काढून डॉक्टरांकडे धावायचात. तुमची झोपमोड होईल म्हणून मी कधी ताप लपवला नाही. आता तुम्हीही लपवू नका.

आई, इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेव. खाली सामानात गोठलं तर टाकूनच द्यावं लागेल. लाडू खाली, औषधं हातात, उलट करू नकोस. गोळ्या डबीत काढू नका, पाकिटासकट आणा आणि पंधरा दिवसांच्या जास्त आणा, कारण आपल्याकडची चिठ्ठी इथल्या दुकानात चालत नाही. डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावं लिहून घ्या. इथे क्रोसिन कुणाला कळत नाही, पॅरासिटामॉललासुद्धा असिटामिनोफेन म्हणतात. न्यू जर्सी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, तेव्हा प्रवासात इन्सुलिन कधी घ्यायचं तेही विचारून ठेव. बाबांच्या अँजिओप्लास्टीचे कागद आणि शेवटचा ईसीजी विसरू नका.

व्हीलचेअर सांगून ठेवलीय. बाबा, तुम्ही चालू शकता हे मला माहीत आहे. पण रांगा मोठ्या असतात, आणि सोबत माणूस असला की आईला धीर येतो.

तुमची खोली खालीच केलीय, बाथरूम लागून, जिना चढायला नको. आंबेमोहोर आणलाय, गवती चहा कुंडीत छान फुटलाय. फ्रिजवर आपल्या घराचा पत्ता आणि ९११, म्हणजे इथला तातडीच्या मदतीचा नंबर, मोठ्या अक्षरात लावते. मी घरी नसले तर आधी तिथे फोन करायचा, मग मला.

सोमवारीच डॉक्टरांकडे जा आणि चिठ्ठीचा फोटो पाठवा. मी एकेक नाव तपासून बघते.

तुमची,
मनू