तुमच्या माणसानं व्हॉल्व तपासला तेव्हा तेल चालूच नव्हतं

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर साहेब

विषय: लोडरचा दोन लिव्हरचा हायड्रॉलिक कंट्रोल व्हॉल्व बदलून देणे (तिसऱ्यांदा लिहून राहिलो)

साहेब नमस्कार, मी वरुड तालुक्यातला संत्रावाला. ट्रॅक्टरला लोडर लावून शेणखत, माती भरतो, घरचंही आणि भाड्यानंही. जुना व्हॉल्व गळत होता म्हणून मार्चमध्ये तुमचा 40 लिटरचा (मिनिटाला 40 लिटर तेल जाऊ देणारा) घेतला. तेव्हापासून भरलेली बकेट वर जायला इतका वेळ लागते की ट्रॉलीवाला तोवर खर्रा घोटून घेते, आणि तासाभरात तेलाच्या टाकीला हात लावता येत नाही.

मागच्या आठवड्यात तुमचा पोरगा आला. बकेट पार वर टेकवली, लिव्हर ओढून धरला, पंपाकडच्या गेजवर 150 बार, सिलेंडरकडच्या गेजवरही 150. म्हणे काका व्हॉल्व ओके आहे, पंप पाहा. चहा पिला अन गेला.

अहो सिलेंडर पुरा बाहेर आला, बकेट टेकली, म्हणजे व्हॉल्वमधून सिलेंडरकडे तेल जाणंच थांबलं ना, मग प्रेशर ड्रॉप (व्हॉल्वच्या आधीच्या अन नंतरच्या दाबातला फरक) दिसन कुठून? आमच्या ठिबकच्या फिल्टरलाही आधी-नंतर दोन गेज असतात. बगीच्यातले सगळे कॉक बंद करा, जाळी गाळानं गच्च भरली असली तरी दोन्ही काटे सारखेच राहतात. कॉक उघडले की मग कळते जाळी धुवायची आहे का नाही. हे आमच्या सालदारालेही समजते बाप्पा, तुमच्या ट्रेनिंगवाल्याले काहून नाही समजत?

मंग मीच बसलो. भरलेली बकेट वर जाऊन राहिली तेव्हा पाहिलं, पंपाकडे 150 अन सिलेंडरकडे 85. ओझ्याला 85 च लागते, बाकीचे 65 बार तुमचा व्हॉल्वच खाते, म्हणून रिलीफ (दाब जास्त झाला की तेल टाकीत सोडणारा व्हॉल्व) आधीच उघडते अन अर्धं तेल टाकीत परत जाते.

मंग लिव्हर न्यूट्रलला (म्हणजे बकेट हलत नाही, पंपाचं तेल व्हॉल्वमधून सरळ टाकीत जाते) ठेवून रिटर्नचा पाइप काढला आणि 20 लिटरच्या डब्यात सोडला. फुल रेसवर डबा 32 सेकंदात भरला, म्हणजे मिनिटाला साडेसदतीस लिटर. पंप तेल देऊन राहिला, अन 150 तं तुमच्याच पोरानं दाखवले. तेव्हा व्हॉल्वच्या इनलेटवर 45 बार होते, पुढं पाइप उघडाच, म्हणजे सगळे 45 व्हॉल्वनंच खाल्ले. रेस अर्धी केली, डबा 64 सेकंदात भरला, गेज 11 वर आला. तेल निम्मं, ड्रॉप चौथाई. बारीक भोकातून तेल दाबलं की असंच होते. साडेसदतीसला 45 नं गुणा, 600 नं भागा, 2.8 किलोवॅट येते. म्हणजे काम काही नसतानाही माझ्या टाकीत पावणेतीन किलोवॅटचा हीटर चालू, अन वरून मे महिन्यातलं वरुडचं ऊन. डिझेल माझं.

आता तुमचंच कॅटलॉग. 40 लिटरच्या मॉडेलला 40 लिटरवर 6 बार लिहून आहे. त्याच पानावर खाली लहान मॉडेल आहे, 15 लिटरवर 7 बार. पंधराच्या जागी साडेसदतीस म्हणजे अडीचपट तेल, ड्रॉप सव्वासहापट, 44 बार. माझा गेज 45 दाखवते. तेलाच्या जाड-पातळपणानं थोडं इकडंतिकडं होईल, पण 6 चे 45 होत नाहीत. पोर्टचे आटे दोन्हीचे चार सूतच आहेत म्हणून फिट करताना मिस्त्रीलेही समजलं नाही. मला तं वाटते लहान बॉडीवर 40 चं स्टिकर लागलं आहे. मुद्दाम केलं असं म्हणत नाही, पॅकिंगमध्ये गडबड झाली असन.

खरा 40 लिटरचा व्हॉल्व पाठवा, अन जळालेल्या तेलाचे पैसे द्या, एक बादली पूर्ण काळी पडली. 15 दिवसात काही झालं नाही तं अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. बिल, गेजचे फोटो अन डबा भरतानाचा व्हिडिओ सोबत आहे. पाहायला पुन्हा माणूस पाठवत असाल तं बकेट भरून, चालती ठेवून गेज पाहायला सांगा.

आपला ग्राहक
वरुड, जि. अमरावती